थायलंडच्या शाळेतला पहिला महिना: मुलं बोलत नाहीत तेव्हा

प्रश्न नागपूरच्या एका मुलीचा आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे इंग्रजीत एम.ए., आणि मे महिन्यापासून ती थायलंडच्या ईशान्य भागातल्या एका खेड्यात, प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवून राहिली आहे. महिना होत आला. ती लिहिते की मुलं गोड आहेत, सारखी हसतात, मागून म्हणायला सांगितलं की एका सुरात म्हणतात, पण स्वतःहून एक शब्द बोलत नाहीत. शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिका ती वर्गात शिरली की निघून जातात. शाळेला बहुतेक गोरी शिक्षिका हवी होती असंही तिला वाटतं. परवा शाळेत गुरुवंदनेचा कार्यक्रम झाला, मुलं गुडघ्यांवर येऊन तिच्यापुढे वाकली आणि तिला रडू आलं, कारण ‘मी यांना अजून काहीच शिकवलेलं नाही.’ मुलांना बोलतं कसं करू, त्या शिक्षिकेशी कसं वागू, आणि परत येऊ का, असं तिने विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. परत येऊ नकोस, बेटा. परक्या भाषेच्या कुठल्याही वर्गाचा पहिला महिना तू लिहिलं आहेस तसाच असतो. मी बरीच वर्षं रामटेक, पारशिवनी, उमरेड या तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवलं, मग शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली, आणि त्याच कामाच्या निमित्ताने थायलंडच्या त्या भागात तिथल्या शिक्षकांबरोबर वर्गात उभी राहिले. दोन्हीकडे हेच पाहिलं.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की कर. तो वर्ग त्या शिक्षिकेचा आहे. तू काही महिन्यांत निघशील आणि ती तिथेच राहील. तुझ्या प्रत्येक तासाचा हिशोब या एका गोष्टीवर लाव. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्याच हिशोबाने आहे.

आता मुलांच्या गप्प बसण्याबद्दल. तू आहेस त्या भागाला इसान म्हणतात. देशाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या तिथे राहते, आणि घरात बोलली जाते ती इसान भाषा, जी लाओ भाषेच्या फार जवळची आहे. शाळेतली प्रमाण थाय ही त्या मुलांसाठी आधीच दुसरी भाषा आहे. तुझं इंग्रजी तिसरं. आपल्या देवलापारच्या बाजूला घरी गोंडी बोलणारी पोट्टी पहिलीत येतात, तिथे मराठी शिकतात, आणि त्याच वर्षी बाईंचं इंग्रजी त्यांच्या कानावर पडायला लागतं. 2000 सालापासून महाराष्ट्रात सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आम्हा शिक्षकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती की मुलं बोलत नाहीत. ती ऐकत होती. भाषा शिकणाऱ्या मुलाचा हा गप्प राहण्याचा काळ अभ्यासकांनी नीट नोंदवलेला आहे, काही मुलांत तो आठवड्यांचा असतो, काहींत महिन्यांचा. या काळात मूल बोलत नाही म्हणजे काही शिकत नाही असा अर्थ काढू नये.

देवलापारच्या बाजूच्या एका शाळेत तिसरीतली एक मुलगी होती. दिवाळीपर्यंत तिने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. एक दिवस मी फळ्यावर लिहीत असताना खडू अगदी नखाएवढा उरला आणि बोटांतून निसटायला लागला. मागून आवाज आला, ‘मॅडम, चॉक फिनिश.’ मी वळून म्हटलं, ‘ओह, द चॉक इज फिनिश्ड! थँक यू.’ ती उठली, टेबलाच्या खणातून नवा खडू आणून दिला आणि जागेवर जाऊन बसली. मी तिला बरोबर वाक्य पुन्हा म्हणायला लावलं नाही. तिने तिचं वाक्य दिलं, मी त्याच अर्थाचं पूर्ण वाक्य तिच्या कानावर घातलं आणि काम पुढे गेलं. पहिलं तुटकं वाक्य येईल तेव्हा एवढंच कर. तिथे थांबवून सुधारायला गेलीस तर दुसरं वाक्य यायला पुन्हा दिवाळी उजाडेल.

बोलायला लावण्याची घाई सोडली तरी बोलण्यासाठी जागा ठेवावी लागते. तू वर्गात शिरतेस तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. वर्गप्रमुख ‘स्टँड अप, प्लीज’ म्हणतो, सगळे उठून एका सुरात ‘गुड मॉर्निंग, टीचर’ म्हणतात. तू ‘हाउ आर यू’ म्हणतेस, त्यावर ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू’, मग ‘सिट डाउन’, ‘थँक यू, टीचर’. हे मोडू नकोस, तो तिथल्या शाळेचा शिष्टाचार आहे आणि मुलांना त्यातून तासाची सुरुवात कळते. पण त्यातल्या ‘फाइन’चा मुलाच्या तब्येतीशी काही संबंध नाही हे लक्षात ठेव. सामूहिक घोष झाल्यावर दोघातिघांजवळ जाऊन, डोळ्यांत बघून, हळू आवाजात तोच प्रश्न विचार, आणि अंगठा वर, अंगठा आडवा, अंगठा खाली असं हाताने उत्तर दे म्हणून दाखव. आठवडाभरात कुणीतरी खाली अंगठा करून ‘हंग्री’ म्हणेल. तिथून वर्ग सुरू होतो.

प्रश्न विचारला की थांब. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणसंशोधक बाईंनी 1970च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ते संशोधन मुलांच्या स्वतःच्या भाषेतलं होतं. तिसऱ्या भाषेत तर मनातल्या मनात पाचपर्यंत मोज. ती शांतता तुला जड जाईल, मुलांना नाही.

थाय मुलांच्या बाबतीत आणखी एक आहे. चारचौघांत चुकणं तिथे आपल्याकडच्यापेक्षाही जास्त लागतं, आणि मोठ्यांना त्रास होईल असं काही करायचं नाही हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. न समजलेलं मूल ‘समजलं नाही’ म्हणत नाही, हसतं. तुला जे गोड हसू दिसतं त्यातलं बरंच हसू हे आहे. म्हणून एकट्या मुलाला उभं करून विचारू नकोस. आधी उत्तर शेजाऱ्याच्या कानात सांगू दे, मग दोघांनी मिळून मोठ्याने म्हणू दे. इथल्या आमच्या शाळांतही हे चालतं, तिथे तर त्यावाचून गत्यंतरच नाही.

आता एक तास नीट दाखवते, कारण ‘खेळातून शिकव’ म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात आणि वर्गात उभं राहिलं की त्यातलं काही हाताशी लागत नाही. तिसरीचा वर्ग घे. एक कापडी पिशवी, तिच्यात कैरी, चमचा, किल्ली, कंगवा. सुरुवातीला काही बोलायचंच नाही. पिशवीत हात घाल, शोध, चेहऱ्यावर आणू दे की काहीतरी सापडलंय. कैरी काढ, वास घे, डोळे मिट. ‘मँगो.’ तिथेही कैरी तिखटमीठ लावून खातात, त्यामुळे वर्गाच्या तोंडाला पाणी सुटेल. मग चमचा, ‘स्पून.’ चारही वस्तू टेबलावर ठेव आणि ‘व्हेअर इज द मँगो?’ विचार. मुलं बोट दाखवतील. बोलायची गरज नाही, बोट हेच उत्तर. मग किल्ली खुर्चीखाली सरकव, ‘इज द की इन द बॅग?’ माना हलतील. मग एकाला बोलावून ‘गिव्ह द स्पून टू’ आणि त्याच्या मित्राचं नाव. हुकूम ऐकून हालचाल करत भाषा शिकण्याची ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960च्या दशकात मांडली, आणि खेड्यातल्या वर्गासाठी मला तिच्याइतकी भरवशाची दुसरी पद्धत माहीत नाही. शेवटी तुझ्या जागी एका मुलाला उभं कर. आता वस्तू मागायची तर त्याला शब्द उच्चारावाच लागेल, आणि तो उच्चारेल, कारण सगळा वर्ग हात पुढे करून बसलेला असेल. ‘मागून म्हणा’ हे त्या तासात एकदाही आलं नाही, बघ.

चौथी ते सहावीला एवढ्याने भागत नाही. तिथे त्यांच्यापाशी अशी माहिती हवी जी तुझ्यापाशी नाही. आपल्याच देशातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांत हे करून पाहिलं. वेळापत्रक, नकाशा, किमतींची यादी असं काहीतरी मुलांपुढे ठेवायचं आणि त्यातून उत्तर शोधायला लावायचं, व्याकरण आपोआप मागे मागे येतं. तुझी गंमत अशी की तू परकी असल्याने ही माहितीची दरी तुला तयारच मिळालेली आहे. गावात बाजार कोणत्या दिवशी भरतो, कुठलं आइसक्रीम किती बातचं (बात म्हणजे तिथलं चलन) आहे, शाळेमागच्या झाडाचं नाव काय, हे तुला खरंच माहीत नाही आणि त्यांना आहे. त्यांना विचार. उत्तर अर्धं थायमध्ये आलं तरी घे. आणि उलट बाजूने नागपूर ने. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो दाखव आणि गावच्या वाटाचा, म्हणजे विहाराचा, फोटो शेजारी ठेव. एक मोठा, पांढरा, गोल, दुसरा टोकदार, सोनेरी. ‘बिग, व्हाइट, राउंड, गोल्ड’ एवढ्या चार शब्दांवर पाचवीचा वर्ग तासभर चालतो. शिक्षकखोलीत त्यावरून 14 ऑक्टोबर 1956 आणि बाबासाहेबांची गोष्ट निघाली तर तीही सांग. भारत म्हणजे बुद्ध आणि बोधगया एवढंच ठाऊक असलेल्या तिथल्या मोठ्या माणसांनी ती गोष्ट मन लावून ऐकलेली मी पाहिली आहे.

उच्चारांवर जरा थांबते, कारण तू लिहिलं आहेस की ‘मुलं शब्द अर्धे खातात.’ खात नाहीत. थाय भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकेच आवाज येऊ शकतात. शेवटी ल आला की त्याचा न होतो, स किंवा श आला की त. म्हणून फुटबॉलचा ‘फुतबॉन’, बसचा ‘बत’, फिशचा ‘फित’. सुरुवातीचं जोडाक्षर फोडलं जातं, म्हणून स्कूलचा ‘सकून’. आणि ‘आय’सारख्या जोडस्वरानंतर शेवटचा आवाज गळूनच जातो, मग लाइक, लाइट, लाइन सगळे ‘लाय’. फाइव्हचा ‘फाय’ आणि नाइनचा ‘नाय’ झाला की दुकानातल्या किमतीही कळेनाशा होतात. याला ओरडून म्हणून घेणं हा उपाय नाही. हाताचा पंजा उघडा धर, शब्द म्हण, आणि शेवटच्या आवाजाला मूठ मिट. मुलांनाही तसंच करू दे. आवाज मुठीत पकडायचा आहे म्हटलं की ती तो शोधायला लागतात. रोज पाच मिनिटं पुरे, आणि फक्त असे शब्द घे जिथे शेवट चुकला तर अर्थ बदलतो. बाकीचे ‘फुतबॉन’ खुशाल राहू दे.

तुझ्या स्वतःच्या तोंडाकडेही एकदा बघ. आपण मराठी माणसं ‘पेन’, ‘टेन’, ‘की’ म्हणताना प, ट, क यांचा आवाज श्वास न सोडता काढतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तिथे श्वासाचा झोत असतो. आपल्याला क आणि ख वेगळे ऐकू येतात तसे थाय कानालाही येतात, त्यामुळे तुझ्या ‘टेन’चा ट त्यांना वेगळाच आवाज वाटू शकतो. कागदाची बारीक पट्टी ओठांसमोर धरून म्हण. पट्टी हलली पाहिजे. मुलांना तो खेळ वाटतो आणि तुलाही सराव होतो. ग आणि झ हे आवाज त्यांच्या भाषेत नाहीत, व्ह आणि व यांत ती फरक करत नाहीत. तो तर आपणही फारसा करत नाही, तेव्हा त्याबद्दल त्यांना टोकू नकोस.

व्याकरणात तुला एक सुखद धक्का बसेल. पारशिवनीच्या पोट्ट्यांचं ‘आय मँगो ईट’ सोडवता सोडवता माझी निम्मी ताकद खर्च व्हायची, कारण मराठीत क्रियापद शेवटी. थायमध्ये ते इंग्रजीसारखंच मधे येतं, म्हणून ती मुलं पहिल्या दिवसापासून ‘आय ईट मँगो’ म्हणतील. अडतील ते वेगळीकडे. विशेषण नामानंतर येतं, म्हणून ‘मँगो ग्रीन’. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून ‘येस्टर्डे आय गो मार्केट’. अनेकवचनाला वेगळं रूप नाही. आणि प्रश्न करायचा तर वाक्य तसंच ठेवून शेवटी ‘माय’ लावायचं, जसं आपण ‘का’ लावतो. ‘डू यू लाइक’मधला तो ‘डू’ कुठून येतो हे तुलाही शाळेत कळलं नव्हतं, हो ना? तुला तो कसा समजला ते आठव आणि त्याच वाटेने त्यांना ने. ही वाट जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ठाऊक नसते, कारण तो तिच्यावरून कधी चाललेलाच नसतो.

वह्यांत शब्द एकमेकांना चिकटलेले दिसले तर आळस समजू नकोस. थाय लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि लहान-मोठी अक्षरं नसतात. बोटभर जागा सोडायला शिकव, आपल्याकडे पहिलीत शिकवतात तसं. त्यांच्या लिपीत स्वरचिन्हं व्यंजनाच्या वर, खाली, मागे, पुढे लागतात, आपल्या मात्रा-वेलांट्यांसारखी. तू ती लिपी आठवडाभर मनापासून गिरवलीस तर मुलांची नावं तुला वाचता येतील, आणि नाव वाचून हाक मारणारी बाई मुलांना लगेच आपली वाटते.

गोऱ्या शिक्षिकेची अपेक्षा असेल, नाही म्हणत नाही. पालकांच्या मनात इंग्रजीचा चेहरा गोरा असतो, तिथेही आणि आपल्या नागपूरच्या सदर-धरमपेठेतही. पण थायलंडच्या शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षकांमध्ये फिलिपिन्सचे शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, लोकांना ते नवीन नाही. 2007 साली सही झालेल्या आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेच्या, सनदेत संघटनेच्या कामकाजाची भाषा इंग्रजी ठरली आहे. ही मुलं मोठेपणी इंग्रजी बोलतील ते बहुतेक व्हिएतनाम, मलेशिया, कंबोडियाच्या माणसांशी, कदाचित नागपूरच्या माणसाशीही. त्यांना तुझं इंग्रजी कळणं हेच खरं शिक्षण आहे. आणि सरकारची अपेक्षा काय आहे? 2014च्या धोरणाप्रमाणे सहावीअखेर युरोपीय मापातली ए1 पातळी, म्हणजे स्वतःची ओळख, साधे प्रश्न, ओळखीचे शब्द. तुझ्यापुढे एवढीच टेकडी आहे, आणि मराठी माध्यमातून तू ती चढलेली आहेस.

आता त्या शिक्षिका. माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि तू त्यावर एकच ओळ लिहिली आहेस. थायलंडमध्ये 120पेक्षा कमी मुलांची शाळा छोटी शाळा समजली जाते आणि खेड्यांत अशा शाळा पुष्कळ आहेत. तिथे एकच शिक्षक अनेक विषय, अनेक वर्ग सांभाळतो. इंग्रजी शिकवणारी बाई इंग्रजी शिकलेलीच असेल असं नाही. कित्येक छोट्या शाळांत हुआ हिन या गावातल्या एका शाळेतून उपग्रहाने येणारे दूरचित्रवाणी पाठ लावून शिकवतात, ती सोय 1995 पासून चालू आहे. अशा बाईच्या वर्गात एम.ए. इंग्रजी झालेली परदेशी मुलगी येऊन उभी राहते. ती निघून जाते यामागे दोन गोष्टी असू शकतात. कागदपत्रांचा ढीग उपसायला तिला तेवढाच मोकळा तास मिळतो, आणि तुझ्यासमोर, मुलांसमोर इंग्रजी बोलण्याचा तिला संकोच वाटतो. दोन्हींत तुझ्याबद्दल नापसंती नाही.

तिच्याकडे मदत माग, आणि खरीच मदत माग: ‘मुलं थायमध्ये काय विचारतात ते मला कळत नाही, तुम्ही पहिली दहा मिनिटं थांबाल का?’ तास सुरू व्हायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, तिच्याजवळ बसून डबा खा. तिथे चिकट भात हाताने खातात, तुला ते जमेलच. तिच्याच पाठ्यपुस्तकातलं पान घे, स्वतःचं वेगळं पुस्तक काढू नकोस. या पानावर मुलं कुठे अडतात ते तिला विचार. तिला ते तुझ्याहून कितीतरी जास्त ठाऊक आहे, आणि विचारल्याने तिला ते सांगता येतं. मग वर्गात तिला असं काम दे ज्याला अस्खलित इंग्रजी लागत नाही: खेळाचे नियम थायमध्ये सांगणं, कुठल्या गटाने आधी उत्तर दिलं ते ठरवणं, पिशवीतून वस्तू काढणं. फळ्यावर तिने काही चुकीचं लिहिलं असेल तर ते मुलांसमोर पुसू नकोस, नंतरही आपणहून काढू नकोस. ती विचारेल तेव्हा सांग. मुलांसमोर तिचा मान तुझ्यामुळे वाढला पाहिजे. सहावीला ओ-नेट नावाची राष्ट्रीय चाचणी असते, तिच्यात इंग्रजीही असतं. त्या सरावात तू तिला हात दिलास तर शाळेलाही तुझं असणं उपयोगाचं वाटेल.

आणि ती गुरुवंदना. जूनमधल्या एका गुरुवारी तिकडच्या शाळाशाळांत ती होते. तबकात लाल टोकदार कळ्यांची फुलं असतात ती तल्लख बुद्धीसाठी, वांग्याचं फूल झुकतं म्हणून नम्रतेसाठी, दूर्वा पसरत जातात म्हणून चिकाटीसाठी आणि लाह्या शिस्तीसाठी. तू रडलीस, कारण त्यांनी तुला न कमावलेला मान दिला असं तुला वाटलं. पण बघ, ही वंदना वर्षाच्या सुरुवातीला होते, शिकवणं व्हायच्या आधी. मुलं त्यात ‘आम्ही शिकायला तयार आहोत’ असं सांगतात. त्यांनी त्यांची बाजू सांगितली आहे. तू मान झुकवून स्वीकार आणि सोमवारी तयारीने वर्गात जा.

बारीकसारीक गोष्टी झटकन सांगते. शाबासकी म्हणून मुलांच्या डोक्यावर हात ठेवायची आपली सवय तिथे आवर, डोकं पवित्र मानतात. पाय कुणाकडे करून बसू नकोस. वर्गाबाहेर चपला काढतात का ते बघ आणि तसं कर. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नकोस, कौतुक वाटलं तरी. आणि तुझा व्हिसा पर्यटकाचा असेल तर ते आधी दुरुस्त करून घे. पगार नसला तरी तिथे शिकवणं हे काम धरलं जातं, त्याला योग्य व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, आणि सलग 90 दिवस राहिलीस की राहण्याचा पत्ता कळवावा लागतो. शाळेने ‘काही होत नाही’ म्हटलं तरी पोलिसांपुढे उभं राहावं लागेल ते तुला, शाळेला नाही.

आपल्या विदर्भातल्या शाळा अजून उघडल्याही नाहीत, उन्हामुळे त्या जूनअखेर उघडतात. तुझं सत्र ऑक्टोबरात संपेल, म्हणजे हाताशी भरपूर दिवस आहेत. जुलैत मुलांना बोलतं करण्याचा हिशोब ठेवू नकोस. कोण बोट दाखवतं, कोण मान हलवतं, कोण शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतं, एवढंच एका वहीत नावापुढे टिपत जा. ऑगस्टपासून त्या शिक्षिकेबरोबर आठवड्याला एक तास दोघींनी मिळून घ्या. सप्टेंबरात तो तास तिने घ्यावा आणि तू मागे बसावंस. पिशवी, चित्रं, किमतींच्या चिठ्ठ्या, सगळं तिच्या कपाटात ठेव, तुझ्या खोलीवर नको. कोणत्या पानाला कोणता खेळ चालला ते तिच्याबरोबर बसून तिच्या भाषेत, तिच्या हाताने वहीत उतरवून घे. आणि मुलांसाठी शब्द, गोष्टी, गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा विचार तू लिहिला आहेस, तो चांगला आहे. फक्त ते तुझ्या आवाजात करू नकोस. तिच्याबरोबर सराव कर, हवं तर प्रत्येक ओळ दहा वेळा, पण रेकॉर्डिंग तिच्या आवाजात कर.